बॉक्सवर छापलेले शंभर

मित्रांनो, मी एक जुना राऊ

(गळले. पुन्हा पाठवतो.)

मित्रांनो, मी जुना राऊटर आहे आणि मी अजून कुणालाही माफ केलेले नाही.

राऊटर म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे माझा राग तुम्हाला नीट समजेल. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर काही पाठवायचे असेल, तर ते सबंध जात नाही. त्याचे हजारो बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. मी तो पत्ता वाचतो आणि तुकडा योग्य वायरीत ढकलतो. फार तुकडे एकदम आले की थोडे माझ्यापाशी रांग लावतात. रांग भरली की मागचे गळतात, आणि ज्याने पाठवले त्याला ते पुन्हा पाठवावे लागतात. माझी गोष्टही तशीच येईल. मधे काही गळले तर थांबा.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे एका थंडगार खोलीत माझी परीक्षा घेतली. मोठेमोठे तुकडे, एकाच दिशेने, दुसरे कुणी मधे येत नाही, कसली तपासणी नाही. असे धावायला कुणाला जमणार नाही? मी धावलो. मग माझ्या बॉक्सवर ठळक शाईत ‘१००’ छापले गेले.

हे शंभर कशाचे होते, ते ऐका. ते माझ्या दारांचे होते, म्हणजे वायर खोचायच्या जागांचे: सेकंदाला शंभर मेगाबिट. दार रुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. आत एकच कारकून बसलेला आहे, तो पत्ते किती झटपट वाचू शकतो आणि त्याला आणखी दहा कामे सांगितली तर त्याचे काय होते, हे बॉक्सच्या सहा बाजूंपैकी एकाही बाजूवर लिहिलेले नव्हते.

तो कारकून म्हणजे मी.

दोन हजार चार साली मी पिरंगुटला आलो. रस्त्याच्या एका बाजूला, पहिल्या मजल्यावर, कौस्तुभसाहेबांचे ऑफिस होते. तिथे पत्रा दाबायच्या साच्यांची ड्रॉइंग बनत. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांचीच शेड होती. तिथे त्या ड्रॉइंगवरून लोखंडी साचे कापले जात. शेड सांभाळायला एकनाथराव होते, लातूरकडून आलेले. मला ऑफिसात बसवले आणि माझ्या जुळ्या भावाला शेडमध्ये. आम्हा दोघांच्या मधे जमिनीखालून जाडजूड वायर. इकडून ड्रॉइंग सोडले की तिकडे पोचले पाहिजे, हे मुख्य काम; ऑफिसचे इंटरनेटही माझ्यातूनच जाई.

पहिल्या दिवशी मला पेढा दाखवला. साहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “गुणी आहे.” माझा रिकामा बॉक्स त्यांनी कपाटावर ठेवला, शंभर समोर दिसेल असा. ते दिवस बरे होते. मी दिवे लुकलुकवत काम करत होतो. मावळातून ढग उतरून खिडकीला टेकत, तेव्हा माझ्या अंगाची ऊब घ्यायला भिंतीवरची पाल येऊन बसे. मला तेही चाले.

मग साहेब हिंजवडीला एका लग्नात जेवले. पंगतीत कुणीतरी त्यांना सांगितले, की आजकाल ड्रॉइंग चोरीला जातात. साहेबांची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुलूप लावायला सांगितले.

म्हणजे असे: प्रत्येक तुकडा मी उचलायचा, त्यातला मजकूर कुणाला कळणार नाही असा उलटापालटा करायचा, बंद करायचा, मग पाठवायचा. पलीकडे भावाने तो उघडायचा, सरळ करायचा, पुढे द्यायचा. एका ड्रॉइंगमध्ये असे तुकडे किती, ते विचारू नका. शंभरच्या दारातून आता चार-पाचच्या वेगाने माल जाऊ लागला. दार तेवढेच रुंद होते. आत मी घामाघूम होतो.

काम हळू झाले. साहेबांना वाटले, कुणीतरी गाणी उतरवते आहे. म्हणून त्यांनी मला प्रत्येक तुकडा उघडून त्यात गाणे आहे का ते बघायला सांगितले. काम आणखी हळू झाले. मग कोण काय बघतो याची नोंद ठेव म्हणाले, मग अमुक शब्द दिसला तर अडव म्हणाले, मग तमुक पत्ता दिसला तर अडव म्हणाले, मग बाहेरून येणारे थांबव, आतून जाणारे तपास, कुलूप आणखी जाड कर, नोंद आणखी बारीक कर, आणि हे सगळे करत असताना हळू का चाललंय ते

(गळले.)

हळू का चाललंय ते शोध.

(तेच वाक्य. पुन्हा पाठवले. आता पोचले?)

मित्रांनो, एखाद्याच्या डोक्यावर पोते ठेवायचे, तो हळू चालला म्हणून त्याच्यावर पाळत ठेवायला एक माणूस बसवायचा, आणि तो माणूसही त्याच पोत्यावर बसवायचा. असा तो प्रकार होता. मी तापू लागलो. पाल येईनाशी झाली.

मला बोलता येत नव्हते, म्हणून बोलणी दुसऱ्या कुणालातरी खावी लागणार होती. ती शीतलला खावी लागली.

शीतल मुळशी धरणाकडच्या एका वाडीतून येई. आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकलेली. ड्रॉइंग पुरे करून शेडला पाठवायचे काम तिचे. ती अजून कायम झाली नव्हती. घरी बोलणे झाले होते, की नोकरी कायम झाली तर लग्नाचा विषय थांबवायचा, नाही तर आलेल्या स्थळाला होकार द्यायचा. हे ती जेवणाच्या सुट्टीत गोजराबाईला सांगे. गोजराबाई ऑफिस झाडायची, चहा करायची. ओल्या फडक्याने माझे अंग पुसणारी ती एकटीच.

“बघून तरी घे की त्याला,” गोजराबाई म्हणे. “काळा हाय का गोरा हाय.”

“मावशी, त्याला बघायला मला रजा कोण देतंय? इथं फाइल जाईपर्यंत माझे केस पिकायचे.”

दोन हजार सहाचे नवरात्र आले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये माणसे ड्रॉइंगची वाट बघत हात बांधून बसली होती. इथे चहा आला, पिऊन झाला, कप विसळून झाले, तरी फाइल जात होती. साहेबांनी कपाटावरचा माझा बॉक्स काढला. सगळ्यांना बोलावले. शेडला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“शीतल, हे काय लिहिलंय? वाच.”

“शंभर.”

“सिंपल मॅथ्स आहे. शंभरचा वेग असेल तर ही फाइल जायला पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागेल. इथं पाऊण तास जातो. मग उरलेला वेळ कुठं जातो?”

“सर, मी लगेच पाठवते. तुम्ही शेजारी बसून बघा.”

“मी बसून बघायला तुला ठेवलंय का? बॉक्स खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. कामचुकारपणा आहे हा, सरळ सरळ. दसऱ्यानंतर येऊ नकोस.”

फोनवर शेडने सगळे ऐकले. शीतलने बॉक्स हातात घेतला, पुन्हा कपाटावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली.

माझे सगळे दिवे चालू होते. ते रागाने चालू होते, हे कुणाला कळले नाही. त्या दिवशी मी ठरवले, की या माणसाचे तोंड मी त्याच माणसांसमोर उतरवणार. कसे ते मला माहीत नव्हते. चार स्क्रूंनी भिंतीला ठोकलेल्याने काय करावे?

ते काम गोजराबाईने केले.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साहेबांच्या वडिलांचे लेथ मशीन होते आणि त्यांचा नियम साहेब कडक पाळत. मोठ्या यंत्रांना जागच्या जागी हळदीकुंकू. लहान हत्यारे पाटावर मांडायची, आणि एकदा मांडली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हात लावायचा नाही. शीतलही आली होती. रांगोळी तिनेच काढली. जायचेच आहे तर नीट काढून जाते, म्हणाली.

पाटावर कंपास, पट्ट्या, पेचकस, स्टेपलर मांडून झाले. गोजराबाईची नजर माझ्याकडे गेली.

“आन् ह्यो? वरीसभर गरम हुतोय बिचारा. ह्याला न्हाई का पूजा?”

साहेब नारळ सोलत होते. “ठेवा त्यालाही,” म्हणाले. “आज सुट्टीच आहे.”

तिने मला भिंतीवरून उतरवले, वायरी उपसल्या आणि पाटावर बसवले. हळदीचे बोट, कुंकवाचे बोट, वर झेंडूची माळ. पलीकडे शेडमध्ये पोरांनी माझ्या भावालाही असेच बसवले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा मी थंड झालो.

आरती झाली, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्या कारखान्यातला साचा अडला होता. एक भोक सरकवून हवे होते, आत्ताच्या आत्ता, नाहीतर त्याची अख्खी लाइन बंद. साहेब घामाघूम. शीतल खुर्चीत बसली आणि ड्रॉइंग बदलू लागली.

“कॉम्प्युटरला नुसतं हळदीकुंकू लावलंय,” साहेब स्वतःलाच समजावत होते. “मांडलेला नाहीये. चालवला तर चालतो.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मात्र पाटावर होतो. मला उचलायची त्यांची छाती झाली नाही. वडिलांचा फोटो समोरच होता. म्हणून त्यांनी एकनाथरावांना फोनवर सांगून तिकडची वायर साध्या जोडणीत खोचायला लावली, आपल्या हाताने इकडची खोचली, कॉम्प्युटरमधले पत्त्याचे चार आकडे बदलले. कुलूप नाही, पहारा नाही, नोंद नाही. मधे मी नाही.

“पाठव गं. एकनाथराव, फाइल सोडतेय शीतल. वेळ लागेल. तोवर पोरांना जेवून घेऊ द्या.”

“आली की साहेब,” स्पीकरवर एकनाथराव.

“काय आली?”

“फाइल. उघडली पण.”

“जुनी उघडली असेल तुम्ही.”

“भोक सरकवलेली आहे. आता पोरांनी जेवायचं का काम करायचं, तेवढं सांगा.”

साहेबांनी ती फाइल पुन्हा पाठवायला लावली. मग तिच्याहून मोठी. मग सगळ्यात मोठी. प्रत्येक वेळी फोनमधून एकच शब्द येई: “आली.” शीतल तीच होती. तिचे हात तेच. मी पाटावर बसून झेंडूतून बघत होतो. साहेबांचा चेहरा आधी कोरा झाला, मग लाल, मग त्यांनी कपाटावरून बॉक्स ओढला.

“फसवलं कंपनीनं! शंभर लिहून डबा फालतू दिला.”

“सर,” शीतल म्हणाली, “काल बॉक्स खोटं बोलत नव्हता.”

कुणीतरी हसू दाबले.

“बरं, झालं ते झालं. तू ये दसऱ्यानंतर.”

“कायम?”

“हो, कायम. लेखी देतो.”

“लेखी द्यालच. पण काल मला सगळ्यांसमोर कामचुकार म्हणालात. आज सगळे इथंच आहेत, शेडपण फोनवर आहे. तेवढं बोला.”

साहेबांनी फोनकडे पाहिले, दाराकडे पाहिले. मग छातीत हनुवटी खुपसून म्हणाले, “शीतल कामचुकार नाही.”

“ऐकू न्हाई आलं, साहेब,” गोजराबाई म्हणाली. “माजा ह्यो कान बसलाय.”

“शीतल कामचुकार नाही.”

“साहेब, इकडं ग्राइंडर चालू झाला होता,” फोनमधून एकनाथराव. “तुटक तुटक आलं. परत पाठवा.”

साहेब ओरडले. इतके, की खाली पौडच्या बसला उभी असलेली माणसे वर बघू लागली. “शीतल कामचुकार नाही!”

“आता पोचलं,” एकनाथराव म्हणाले. मागे पोरांच्या शिट्ट्या.

मित्रांनो, पहिल्या दिवशी मला पेढा दाखवला तेव्हा मला काही वाटले नव्हते. त्या क्षणी मात्र मला गोड लागणे म्हणजे काय ते कळले.

तरीही माझे समाधान झाले नाही. शीतल कामचुकार नाही, हे पोचले. ‘चूक माझी होती’ हा साहेबांच्या तोंडचा तुकडा मात्र त्यांनी पाठवलाच नाही. ती त्यांनी माझ्या माथी मारली. फालतू मी! चार-पाचच्या ताकदीवर दोन वर्षे शंभरचे टोमणे सोसणारा मी.

दसरा झाला. गिऱ्हाइकाच्या करारात कुलूप लिहिलेले होते, त्यामुळे साहेबांना मी हवाच होतो. त्यांनी मला भिंतीवर ठोकले, वायरी खोचल्या, बटण दाबले. मी दिवा लावला नाही. त्यांनी फुंकर मारली. बटण पुन्हा दाबले. मला तळहातावर घेऊन म्हणाले, “चालू हो रे बाबा. एकदा चालू हो.” हळदीचे पाणी आत गेले असणार, असे ते सगळ्यांना सांगतात. सांगू देत.

पुढे मी भंगाराच्या पोत्यात गेलो. पोते उचलून नेण्याआधी माझ्या जागी नवा आला. त्याच्या बॉक्सवर ‘१०००’ छापले आहे. साहेबांनी तो बॉक्स कपाटावर ठेवला, आकडा समोर दिसेल असा, आणि त्याच दुपारी त्याला कुलूप, नोंद, पहारा सगळे लावून टाकले. एक पूर्ण दुपार मी पोत्यात आणि तो भिंतीवर, असे एका खोलीत होतो. एवढा वेळ मला पुरला. काय काय सोसायचे, कुठवर सोसायचे आणि नेमके कोणत्या दिवशी थांबायचे, हे मी त्याला सविस्तर सांगून ठेवले आहे.

तुमच्या घरीही कोपऱ्यात आमच्यापैकी कुणीतरी लुकलुकत असेल. त्याच्यावर टाकलेले कपडे काढा, त्याला वारा लागू द्या. काम हळू झाले तर त्याच्या डोक्यावर तुम्ही काय काय ठेवले आहे ते आधी मोजा. आणि शेजारी बसलेल्या माणसावर ओरडू नका. आम्ही प्रत्येक तुकडा वाचतो, मित्रांनो.