कौशल्याताईंचा संशय

गुडगावच्या त्या नव्या सोसायटीत मराठी घरं दोनच. तिसऱ्या मजल्यावर कुमुदिनी साळवे आणि तिच्या समोरच कौशल्याताई. म्हणून कुमुदिनीने लिफ्टपाशी ‘रविवारी आमच्याकडे कीर्तन, विषय क्षमा’ अशी चिठ्ठी लावली, तेव्हा कौशल्याताई हार-नारळ घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. पेटी होती, झांजा होत्या, नगरहून आलेले दीनानाथमामा फेटा बांधून उभे होते. पूर्वरंगात ताईंनी टाळ्यांचा ठेका धरला. उत्तररंगात मामांनी आख्यान लावलं ते येशूच्या वधस्तंभाचं. ताईंचे हात थांबले. नारळ उचलून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत त्या मोठ्याने बोलल्या. आधी मराठीत, मग सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत.

“गोड बोलतात, पेटी वाजवतात आणि माणसं बाटवतात. इनके घर बच्चों को भेजना ही मत.”

एकीने आपल्या मुलीला जवळ ओढलं.

कुमुदिनीकडे उत्तर होतं. ताईंचा जयंत अमेरिकेत कॉम्प्युटर कंपनीत आहे, असं सारी सोसायटी समजत होती. खरं तर व्हिसा मिळालाच नव्हता. वडिलांशी भांडून तो घर सोडून गेला होता, आणि कुठे आहे ते आईलाही ठाऊक नव्हतं. दिवाळीत मेथी निवडता निवडता ताई हे फक्त तिच्यापाशी रडल्या होत्या. आता एक वाक्य पुरलं असतं. थुंकणाऱ्यांपुढे प्रभू येशू गप्प राहिला, हे ती किती पदांत गायली होती. पेटीवर ते सोपं जातं. इथे तिने हातातली किटली खाली ठेवली आणि ताईंकडे वळली.

“ताई, चिठ्ठीत ख्रिस्ती कीर्तन असं लिहायला हवं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही येणार नाही, या भीतीने मीच टाळलं. चुकलं माझं.”

“बघा, कबूल केलंन्,” ताई म्हणाल्या.

पण त्यानंतर चैन पडेना ते त्यांनाच. तोंडावर बोलली नाही, म्हणजे पाठीमागे बोलत असणार. जिन्यात कुणी दोघी हसल्या तरी त्या थबकत. कुणी ‘जयंत का फोन आया?’ विचारलं, की विचारणारीचा चेहरा न्याहाळत. दाराच्या भिंगातून समोर कोण येतं-जातं ते बघत. कोणीच येत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी बेल वाजवली.

“किती जणींना सांगितलंस?”

“काय, ताई?”

“वेड पांघरू नकोस. जयंतचं.”

“कुणालाच नाही. आमच्या ह्यांनाही नाही.”

“एवढं बोलले तुला, तरी? काय आहे तुझ्या मनात?”

“लागलं मला. घरी येऊन रडले. पण जयंतचं दुःख तुमचं. माझा राग काढायला ते कसं वापरू?”

“हे शिकवलेलं बोलतेस. तुमच्यात असंच शिकवतात.”

“शिकवतात. जमतं असं नाही. त्या दिवशी अगदी जिभेवर आलं होतं.”

बाकी कशावर नाही, पण या शेवटच्या वाक्यावर ताईंचा विश्वास बसला. पदराआडून त्यांनी एक अंतर्देशीय पत्र काढलं.

“सकाळी आलंय. पानिपतचा शिक्का आहे, अक्षर त्याचंच. मला उघडवत नाही.”

“आत या ना.”

“आत नाही येणार. इथेच वाच. हळू वाच, भिंती पातळ आहेत.”

कुमुदिनी उंबऱ्यात बसली. ताई समोर जिन्याच्या पायरीवर टेकल्या. तिने कड फाडली, घडी उलगडली आणि आवाज खाली आणून वाचायला लागली, “प्रिय आई...”