दुसरी केबल

माझा नवरा अंघोळीच्या टॉवेलवरच खाली गॅरेजमध्ये गेला आणि त्याला त्याची मोटरसायकल दिसली, म्हणजे जेवढी उरली होती तेवढी. टाकी एकीकडे, सीट दुसरीकडे, आणि इंजिनाला हवा पाजणाऱ्या चारही थ्रॉटल बॉड्या गायब. त्या दाजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याने, आपल्या जुन्या कारच्या इंजिनावर चढवल्या होत्या. विचारायची तसदीही न घेता.

"साडूभाऊ, तशीही पडूनच होती ती," दाजी म्हणाले.

"पडून तर तुम्हीही असता."

नवऱ्याने सायलेन्सरचा पाईप उचलला. पहिला फटका दाजींच्या खांद्यावर बसला, दुसरा कारच्या दिव्यावर. दाजींनी हातातला पाना त्याच्या तोंडावर हाणला. दात वाचला, ओठ फाटला. मग दोघं सांडलेल्या ऑईलमध्ये लोळले. टॉवेल कधीच सुटला होता. मी पाण्याचा पाईप दोघांवर सोडला, ताईने चप्पल वापरली.

आम्ही ते हसण्यावारी नेलं, कारण न्यायलाच हवं होतं. वर आमची दोन घरं एकाच जिन्यावर, खाली गॅरेज एकच, आणि आईबाबा गेल्यापासून मला ताईशिवाय कुणी नाही. हे दोघं फाटले की आम्हीही फाटणार, एवढं मला कळत होतं. म्हणून मीच नवऱ्याला पॅन्ट चढवायला लावली आणि म्हटलं, "आता चढवल्यात ना? मग दोघं मिळून नीट बसवा आणि विषय संपवा."

दुपारी काम सुरू झालं. चारही तोंडांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर इंजिन थडथडतं. दाजी रबरी नळीचं एक टोक कानात धरून दुसरं एकेका तोंडाशी नेत, आतला सुसकारा ऐकत आणि स्क्रू फिरवत. त्यांचे कान म्हणजे कान. नवरा आत बसून पेडल सांभाळत होता, ओठाला फडकं लावून. बोलणं फक्त "दे" आणि "सोड" एवढंच.

"थोडी रेस दे," दाजी म्हणाले. त्यांचा डावा हात इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याशेजारी टेकलेला होता.

इंजिन किंचाळलं. सगळं धूड एका अंगाला उसळलं आणि दाजींचा हात पट्ट्याबरोबर पुलीत गेला. आवाज खाली येईना. ताई ओरडत होती, पण ते फक्त तिच्या तोंडावरून कळत होतं. मी खिडकीतून आत झेपावून किल्ली फिरवली.

दोन बोटं गेली. एक पुलीच्या खाचेत होतं, दुसरं मला शोधवलं नाही.

"पेडल वर आलंच नाही," नवरा म्हणाला. पांढराफटक पडला होता. "मी पाय काढला होता. आईशप्पथ."

दाजी उशीचा अभ्रा गुंडाळलेला हात छातीशी धरून बसले होते. "माझीच चूक," ते कण्हत म्हणाले. "मोटरसायकलला दोन केबल असतात. एक हवेची तोंडं उघडते, एक ओढून बंद करते. मी दुसरी लावलीच नाही. म्हटलं, पाय काढला की स्प्रिंगच ओढून बंद करेल." मला इतकं हायसं वाटलं की रडू आलं.

मोटरसायकल सुटी पडलेली, म्हणून त्याच कारने दवाखान्यात निघालो. दाजी आणि ताई मागे, मी पुढे. नवरा पिसाळल्यासारखी कार हाणत होता. एका गाडीचा आरसा उडवला, वर तिच्याच मालकाला शिव्या घातल्या. पहिल्या सिग्नलला त्याने पाय काढला आणि इंजिन लगेच शांत झालं. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला मागचं कण्हणं थांबलं.

"रेस दे," दाजी म्हणाले.

"आता कशाला?"

"दे म्हणतो ना. पूर्ण."

नवऱ्याने दिली आणि पाय काढला. आवाज झटकन खाली आला.

"परत."

परतही आला. स्प्रिंग चोख काम करत होती. नवऱ्याने आरशात पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. दुपारी पेडल अडकलंच नव्हतं.

दाजींचा धड हात मागून आला आणि त्याच्या गळ्याभोवती आवळला. नवऱ्याचे पाय पेडलांवर आपटू लागले. इंजिन किंचाळायचं आणि लगेच शांत व्हायचं, पुन्हा किंचाळायचं आणि शांत व्हायचं. ताई माझ्याकडे बघत होती. नवऱ्याने माझं मनगट घट्ट पकडलं.

गाडी पुढे जाऊ नये म्हणून मी हँडब्रेक ओढला. मग त्याची बोटं एकेक करून माझ्या मनगटावरून सोडवली.