बरणीतून वेगळी काढलेली

बातमी आली त्या दुपारी मी बुलढाण्याच्या एका प्रयोगशाळेत, काचेच्या चंबूत हलत होते. मी यीस्टची पेशी. जिलेबीचं पीठ आंबवणारी. आम्ही साऱ्या एकाच पेशीच्या लेकी, त्यामुळे एकीचं बोलणं ते सगळ्यांचं. आमच्यावर संशोधन करणारी संजीवनी थोड्या थोड्या वेळाने आमच्यातला थेंब काढून बर्फात ठेवत होती. फोन वाजला. "संजे, तुहे बाबा गेले वं," एवढंच ऐकू आलं. चंबू तसाच सोडून ती मलकापूरला निघाली.

माझं मूळ घर मलकापूरचंच. तिच्या वडिलांच्या, महादेवरावांच्या, जिलेबीच्या दुकानातली बरणी. रोज थोडं खमीर काढायचं, उरलेल्यात मैदा-पाणी घालायचं. बरणी कधी रिकामी व्हायची नाही. मुलगी संशोधनासाठी मला न्यायला आली तेव्हा ते हसले होते. "दुकान नको म्हणतं, अन् दुकानातली बुरशी घेऊन चालली! ने, पण उपाशी नको ठेवजो त्याले."

तिने उपाशी ठेवलं नाही. पण बरणीत आंबटपणा आणणारे जीवाणूही माझ्या शेजारी होते. त्यांना बाजूला सारून तिने मला एकटीला वाढवलं. प्रयोगाला शुद्ध वाण लागतं.

माझ्यातून लेक-पेशी फुटते तेव्हा कोणती जनुकं केव्हा जागी होतात, हे तिला पाहायचं होतं. त्यांनाही दुकानासारखीच पाळी असते. आधी भट्टी, मग पाक, मग घाणा. काही जनुकं अंकुर काढायला लावतात, काही वारशाची नक्कल करवतात, काही शेवटी मायलेकींना वेगळं करतात. आपली पाळी संपली की गप्प व्हायचं. कोणी जागंच राहिलं तर लेक धड निपजत नाही.

संजीवनी गेल्यावर चंबूतली साखर संपली. अन्न नसलं की फुटण्याची जनुकं निजतात, तग धरायला लावणारी जागी होतात. आम्ही थांबलो.

वडिलांची तेरवी उरकून ती परतली. चंबू वाया गेला होता. तिने आधीच फ्रिजमध्ये राखून ठेवलेल्या नळीत मात्र मी होते. तेवढ्यात तिची आई, अन्नपूर्णाबाई, फोनवर आली.

"बरणी तुह्या काकानं, जानरावभाऊजीनं, तू यायच्या आधीच नालीत रिकामी केली. सुतकाच्या घरात शिळं ठेवत नाईत म्हणे."

"तू काऊन करू देलं, आई?"

"मी होतो का भानावर? तुह्यापाशी हाय नं थे? आन मंग. दुकान उघडतो मी. तुह्या बाबाच्या हातची चव तं राहीन."

संजीवनीने नव्या वाटीत मैदा कालवला आणि नळीतून मला त्यात सोडलं. मी फुगले, बुडबुडे काढले, जमेल ते केलं. तिने वाटी नाकाशी नेली. वास पावाचा होता. बरणीचा आंबूस वास माझा एकटीचा कधी नव्हताच; तो मागे राहिलेल्या त्या जीवाणूंचाही होता. तिने पुन्हा हुंगून पाहिलं.

"फुगलं का वं?" आईने संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारलं.

"फुगलं."

"मंग झालं तं! रविवारी भट्टी पेटवतो. भाऊजीले सांगतो, तुमी ओतलं थे माह्या पोरीनं वाचवलं."

"हो, आई."

मी पुन्हा फ्रिजमध्ये आहे. कुणाच्या घरून असं काही नेलंत, तर चमचाभर शेजाऱ्यांसकट राखून ठेवा, एवढंच माझं मागणं.

संजीवनीने आईला अजून खरं सांगितलेलं नाही.