कारखान्याच्या थांब्यासमोरचं घर

ड्रायव्हरला काचबिंदू निघाला तेव्हा त्याच्या नोकरीची सत्तावीस वर्षं भरली होती. डेपोच्या डॉक्टरने टॉर्च खिशात टाकत सांगितलं, "आज चालवा, उद्याही चालवा. पण दर सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचं, आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं." घरी आल्यावर ड्रायव्हरने हे बायकोला सांगितलं ते जेवणं झाल्यावर, ताटं उचलता उचलता, जणू डेपोतली कुणा दुसऱ्याचीच बातमी.

बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. चादरी धुणाऱ्या अजस्र यंत्रांच्या घरघरीत तिने बावीस वर्षं काढली आणि मुदतीआधीच निवृत्ती घेऊन नुकतीच घरी बसली होती. तिची सगळी पुंजी बँकेत पडून होती. मूलबाळ नव्हतं. पुढे आपलं कसं व्हायचं, याला दोघांनी मिळून एकच उत्तर काढलं: एक लहानसं घर विकत घ्यायचं, भाड्याने द्यायचं आणि त्या भाड्यावर म्हातारपण ढकलायचं.

प्रश्न एवढाच उरला, की घ्यायचं कुठे.

"माझ्या बहिणीच्या गल्लीत एक खोली आणि स्वयंपाकघर निघालंय," बायको म्हणाली. "जुनं आहे. पण त्या गल्लीत घर रिकामं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही."

ड्रायव्हरने नाक मुरडलं. "त्या थांब्यावर माझ्या गाडीत चार माणसं चढतात. त्यातले दोन फुकट पासवाले म्हातारे, आणि एक तुझी बहीण."

ती हसली, आणि तिथेच विषय त्याच्या हातात गेला.

शहर आपल्याला जेवढं कळतं तेवढं कुठल्या एजंटाला काय कळणार, असं त्याला मनापासून वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अकरा वर्षं एकच मार्ग, तोही पहाटपाळीत. पाचला गाडी डेपोतून काढायची, एकला आत लावायची. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या खांद्यावर बाळ, कुठली वस्ती भरतेय, कुठली ओस पडतेय, सगळं आरशात दिसायचं. त्यात एक थांबा त्याच्या मनात भरला होता. शहराच्या कडेला, गाड्यांच्या चाकांचे लोखंडी आस बनवणाऱ्या कारखान्यासमोरचा. सकाळी सातला तिथे बस अशी रिकामी व्हायची, की पुढचे दोन थांबे तो आणि कंडक्टर दोघेच. समोर चार मजली नव्या इमारती, गॅलऱ्यांना हिरवा रंग, आणि किंमत इतर ठिकाणच्या निम्मी.

कंडक्टर त्याचा जुना सोबती. बोलायचा कमी, पण बोलला की टोचायचं. तो एकदाच म्हणाला, "ही सगळी इथे उतरतात, राहतात मात्र भलतीकडे. असं का, ते विचारलंस कोणाला?"

"आजवर घरं नव्हती म्हणून. आता झाली," ड्रायव्हर म्हणाला. "दारात घर मिळालं तर तासभर माझ्या गाडीत कोण लोंबकळेल?"

कंडक्टरने खांदे उडवले आणि तिकिटं मोजायला घेतली.

घर पाहायला नवराबायको तीनदा गेले, तिन्ही वेळा रविवारी, कारण ड्रायव्हरची सुट्टी रविवारची. एजंट जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा. त्याने खिडक्या उघडून दाखवल्या, नळ सोडून दाखवले. बायको गॅलरीत बराच वेळ उभी राहिली. "किती शांत आहे हो," ती म्हणाली. तिच्या तोंडून ते ऐकून ड्रायव्हरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आठवड्याभरात सह्या झाल्या. तिची पुंजी संपली, आणि कमी पडलं त्यासाठी त्याने पगारावर कर्ज काढलं.

पहिला भाडेकरू मिळाला तो एक तरुण शिक्षक. त्याची बायको आणि चार महिन्यांचं बाळ. रविवारी सामान आलं. ड्रायव्हरच्या बायकोने आदल्या रविवारी फळ्यांवर नवे कागद घातले होते, फरशी गुडघ्यांवर बसून पुसली होती.

नवव्या दिवशी शिक्षकाचा फोन आला. तो रागावलेला नव्हता. "काका, तुम्ही एकदा दुपारी या. तीनच्या आत पोचा."

पाळी संपवून ड्रायव्हर खाकी कपड्यांतच गेला. तीनला दोन मिनिटं असताना शिक्षकाच्या बायकोने बाळाला उचललं, छातीशी धरलं आणि त्याच्या कानावर तळहात ठेवला. मग पहिला घाव बसला. तो कानाआधी तळपायांना कळला. फळीवरचे पेले एकमेकांवर वाजले. ड्रायव्हरने दहा आकडे मोजले असतील नसतील, तोच दुसरा. मग तिसरा.

सकाळभर कारखान्यात लोखंड कापतात आणि भट्टी तापवतात. मोठा घण चालतो तो तीन ते अकरा, रविवार सोडून रोज. शिक्षक काहीतरी सांगत होता, पण त्याची वाक्यं घावांच्या मधल्या जागेत मावत नव्हती. खिडकीच्या कोपऱ्यातून केसाएवढी भेग खाली उतरली होती आणि तिच्यावर नवा रंग फासलेला होता.

ड्रायव्हरने खिडकीतून खाली थांब्याकडे पाहिलं. अकरा वर्षं तो या थांब्यावर रोज येत होता. कामाच्या दिवशी दुपारी एकनंतर एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या सकाळी त्याने थांब्यावर उतरणाऱ्या एका कामगाराला थांबवून विचारलंच. "दुपारपाळी आली की आठ तास ऐकतो तेवढं पुरे की हो ड्रायव्हरसाहेब," कामगार म्हणाला. "पुन्हा बायकापोरांना कशाला?" कंडक्टरने हे ऐकलं आणि गाडी सोडायची घंटी दिली.

बायकोला सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "बाळ कसं आहे?" शिक्षकाने घर सोडलं, अनामत परत गेली. घर पाच महिने रिकामं पडलं. त्याच सुमारास डॉक्टरने थांबा म्हटलं, आणि डेपोने ड्रायव्हरला बसमध्ये राहिलेल्या छत्र्या-पिशव्यांच्या खिडकीवर बसवलं, कमी पगारावर.

शेवटी घर विकायचं ठरलं. एजंट म्हणाला, "गिऱ्हाईक आहे. रविवारी आणतो."

नवं लग्न झालेलं जोडपं होतं. मुलगी पोटुशी होती. तिने खोल्या पाहिल्या, गॅलरीत उभी राहिली आणि वळून विचारलं, "इथे आवाजबिवाज नसतो ना?"

एजंटने ड्रायव्हरकडे पाहिलं.

"शांत आहे," ड्रायव्हर म्हणाला.

"खोटं आहे ते," त्याची बायको म्हणाली. "मंगळवारी दुपारी तीनला या, आणि मग काय ते ठरवा."

ते मंगळवारी आले नाहीत, कधीच आले नाहीत. एजंटनेही फोन उचलणं सोडलं.

त्या रविवारी परतताना ड्रायव्हर अर्ध्या वाटेत थांबला. मग म्हणाला, "आपण बुडालो, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग कशाला तोंड उघडलंस?"

"मी गप्प बसायचं ठरवूनच आले होते," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं नसतं तर बसलेही असते. पण तुम्ही खोटं बोललात, ते मला ऐकवेना."

पुढे जे झालं त्याला दुसरी वाटच नव्हती. त्यांचं राहतं घर मालकीचं आणि चांगल्या वस्तीत होतं. त्याला दोन दिवसांत भाडेकरू मिळाला, कर्जाचा हप्ता निघेल एवढं भाडं ठरलं, आणि नवराबायको आपलं सामान घेऊन कारखान्यासमोर राहायला आले.

आता ड्रायव्हर चारच्या सुमाराला कामावरून परततो, तोवर घण सुरू झालेला असतो. बायको कानांत कापूस घालून बसते. लागेल ते बोटांनी सांगायचं. तिचं डोकं ठणकतं. त्या गोळ्या फळीवर असतात. अकरानंतर दोघं इतके थकलेले असतात, की बोलणं राहूनच जातं.

खिडकीवरची सुट्टी आता रविवारऐवजी बुधवारी आली होती. अशाच एका बुधवारी, सकाळी, ती भाजी चिरत होती तेव्हा ड्रायव्हर समोर येऊन बसला. कितीतरी महिने जिभेवर येऊन परत जात होतं ते त्याने एकदाचं सांगून टाकलं. "चूक माझी झाली. तुझी सगळी कमाई मी घालवली."

"हो," ती म्हणाली.

तो आणखी काही ऐकायला थांबला. ती भाजी चिरत राहिली. मग तिने त्याला लवकर वाढलं, कारण तीनच्या आत भांडी घासून फडताळात लावावी लागतात. नंतर हातातून सुटतात.