बाहेर बी असलेलं फळ

शांतारामचा अख्खा जन्म पेडण्याच्या काजूबागेत गेला. काजूच्या बोंडूला बी बाहेर लटकते, यात त्याला कधी नवल वाटले नव्हते. नवल वाटले ते सून शीतलने वाईहून आणलेल्या कुंडीचे.

“ह्यां झाड म्हणूचां की भाजी?” त्याने विचारले.

“स्ट्रॉबेरी, बाबा. आईनं लावलेली.” शीतलची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. शांतारामने थट्टा आवरती घेतली.

जानेवारीत पाच पांढऱ्या पाकळ्यांची फुले आली, मग एक लाल फळ. शीतलने ते त्याच्या तळहातावर ठेवले. “हे वरचे ठिपके आहेत ना, तीच खरी फळं. प्रत्येकात एक बी. लाल गर म्हणजे फुलाचं फुगलेलं बूड.”

शांतारामने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. बोंडू तरी काय, काजूचा फुगलेला देठच. आणि हे वीतभर रोप तीच करामत शंभरदा करते! तो अगदी खूश झाला. रोज सकाळी चहा घेऊन तो कुंडीपाशी बसू लागला. एका देठाला तीन पाने, प्रत्येकाची कड बारीक दातेरी. कोणी आले की त्यालाही दाखवायचा.

पण सवय वाईट. काजू गळायचे दिवस आले की झाडाखालची जमीन लख्ख करायची, म्हणजे पडलेला बोंडू नजरेतून सुटत नाही. मार्चमध्ये त्याचा कोयता कुंडीभोवतीही फिरला. कुंडीतून जमिनीवर उतरलेले लांब धागे त्याने रान समजून छाटले.

“त्या धाग्यांनाच नवी रोपं येतात, बाबा,” शीतल एवढेच म्हणाली. एप्रिलच्या उन्हात कुंडीतले रोपही जळाले. ती नीट जेवेना. शांतारामला तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

मग एका सकाळी पाय धुताना त्याला धुण्याच्या दगडामागे, ओलीत, तीन दातेरी पाने दिसली. वाळका धागा मागे तुटून पडला होता. कोयता पोचण्याआधीच कुंडीतल्या रोपाच्या या पोरीने मुळे धरली होती. त्याने शीतलला हाक मारली. ती तिथेच बसली आणि रडली. त्याचेही डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी बागेतला गडी निलेश कोयता घेऊन सफाईला आला, तेव्हा शांताराम दगडावर ठाण मांडून बसला होता.

“हंय कोयतो नको,” तो म्हणाला. “हंय माझी विहीणबाय रवता.”