सातव्या तळ्यातली कवचं

बेटावर सात तळी, आणि प्रत्येक तळ्यातली गोगलगाय वेगळ्या जातीची. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी सातव्या तळ्यातून आणलेली कवचं कागदासारखी पातळ होती. आज तिथलीच एक गोगलगाय मी पकडीने दाबली, तर फुटता फुटेना.

"चिवट झालीय मेली," नावाडी हसला.

"दात काढू नकोस. कवच फोडून खाणारं काहीतरी आलं, की जाड कवचाच्याच तेवढ्या वाचतात. त्यांची पिल्लंही तशीच."

"ताई, त्या तळ्यात साधा मासा नाही."

मी चिडून पिशवी उपडी केली. काठावर वेचलेला कवचांचा चुरा टेबलभर पसरला. एकूण एक तुकडा जाड कवचाचा होता.

नावाड्याने पकडीकडे पाहिलं, मग दाराकडे.

"बायको त्याच तळ्यात धुणं धुतेय," तो म्हणाला. "गुडघाभर पाण्यात."