प्रेबेनचे पिवळे मोजे

बोडिल गावाच्या सभागृहात कॉफीचे कप मांडत होती, तेवढ्यात प्रेबेन आत आला. घटस्फोटानंतर दोघं पहिल्यांदाच समोरासमोर येत होती, नातवाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला. प्रेबेनसोबत विबेके होती, नवी बायको. त्याचा सूट नेहमीसारखाच राखी. पण खुर्चीत बसून त्याने पायावर पाय टाकला आणि विजारीखालून मोजे दिसले. मार्करपेनासारखे झगझगीत पिवळे.

सभागृह काळ्या-करड्या कपड्यांनी भरलं होतं. सगळ्यांची नजर त्या मोज्यांवर गेली.

बोडिलने लग्नानंतर लवकरच एकदा हातमोजे घेतले होते. करडी लोकर, फक्त बोटांची टोकं झगझगीत गुलाबी. रान्नर्स शहराच्या बाजारात ते तिला इतके आवडले की घरी येईपर्यंत तिने हातातून काढले नव्हते. त्या रात्री जेवायला पाहुणे होते. प्रेबेनने ते हातमोजे उचलून सगळ्यांना दाखवले आणि म्हणाला, "आमच्या बोडिलला नगरपालिकेने रस्त्याच्या कामावर घेतलंय, गाड्यांना लांबूनच दिसावी म्हणून." पाहुणे पोट धरून हसले. तीही हसली. नंतर तो तिला समजावत राहिला, की आपण चारचौघांसारखी माणसं, उगाच डोळ्यांत भरू नये. हातमोजे तिने जुन्या कपड्यांच्या दुकानात देऊन टाकले. दातांच्या दवाखान्यातली नोकरी, मुलगी, घर, सगळं तिने करड्या रंगातच निभावलं.

आणि घर सोडताना प्रेबेन म्हणाला होता, "तू अगदी राखाडी होऊन गेलीस, बोडिल. माझा जीव गुदमरतो इथे."

आता त्यांची मुलगी मायकेन मोज्यांकडे बघून हसत होती. प्रेबेनने विजार थोडी वर उचलली. विबेकेची निवड, म्हणाला. माणसाच्या आयुष्यात थोडा रंग हवाच. कुणी म्हणालं, तो दहा वर्षांनी तरुण दिसतोय. प्रेबेनची बहीण तर म्हणाली, की असं काही अंगावर घालायला हिंमत लागते.

बोडिल कॉफी ओतत त्याच्यापाशी आली.

"रस्त्याचं काम निघालं वाटतं, प्रेबेन?"

कुणीच हसलं नाही. प्रेबेनने साखर मागितली. तो विनोद कुणाचा होता, हे त्याला आठवलेलंही दिसलं नाही. मायकेनने आईला बाजूला घेतलं.

"आई, आजच्या दिवशी तरी टोमणे नकोत गं. बाबा सुखात आहेत, तर राहू दे ना."

बोडिल बरं म्हणाली आणि उरलेल्यांना कॉफी वाढून आली.

जेवणं आटोपल्यावर ती लवकर निघायला म्हणून बाहेरच्या खोलीत गेली. खुंट्यांवर कोट एकाला एक चिकटून टांगलेले होते, काळे, करडे, राखी. त्यातला आपला कुठला, ते तिला ओळखू येईना. तिने एकाच्या खिशात हात घातला, दुसऱ्याच्याही घातला. किल्ल्या भलत्यांच्याच लागल्या. मग ती बाकावर बसली. माणसं येत होती, आपापला कोट घेऊन तिचा निरोप घेत होती. शेवटी खुंटीवर एकच कोट राहिला. तिने उठून तो अंगात घातला.